शिवेवरची वस्ती : धारावीचा इतिहास



शाळेच्या पुस्तकात मुंबईचा इतिहास सुरू होतो तो सात बेटांपासून. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही नावे आपली मुले घडाघडा म्हणून दाखवतात. मग पोर्तुगीज येतात, राजकन्येच्या लग्नात बेटे आंदण दिली जातात, कंपनीचा अंमल बसतो, आगगाडी धावते आणि धडा संपतो. पण ज्या वस्त्यांतून ही मुले पाठीवर दप्तर टाकून शाळेत येतात, त्या वस्त्यांची नावे या धड्यात येत नाहीत. परिणामी इतिहास हा दुसऱ्या कोणाचा तरी असतो, आपला त्याच्याशी संबंध परीक्षेपुरता, अशी समजूत मुलांच्या मनात लहानपणीच घर करून बसते. ही समजूत काढून टाकावी, या हेतूने प्रस्तुत लेखात मुंबईतील एका वस्तीचा इतिहास सांगावयाचा आहे. ती वस्ती म्हणजे धारावी.

मुंबईचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला मिठी नदी आणि माहीमची खाडी. पश्चिमेला पश्चिम रेल्वेचे रूळ, पूर्वेला मध्य रेल्वेचे रूळ. हे दोन्ही लोहमार्ग दक्षिणेकडे, दादरच्या दिशेने, एकमेकांच्या जवळ येत जातात. त्यामुळे मध्ये एक त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणात, अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत, धारावी वसलेली आहे. तिच्या लोकसंख्येचे अंदाज सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत केले जातात. माहीम, माटुंगा, शीव ही स्टेशने तिच्या कडेला आहेत. महानगराच्या जवळजवळ मध्यावर ती आहे. आणि तरीही ती कायम ‘पलीकडची’ मानली गेली. असे का झाले, हा आपला प्रश्न आहे.

गावाची शीव

या प्रश्नाचे पहिले उत्तर शेजारच्या स्टेशनाच्या नावातच आहे. इंग्रजीत ज्याला आपण सायन म्हणतो, त्याचे मूळ मराठी नाव शीव. शीव म्हणजे हद्द, सीमा. मुंबई बेटांची हद्द येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. १६६८ साली मुंबई बेटे ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई जिंकून घेतली. साष्टी इंग्रजांच्या हाती गेली ती १७७४ साली. म्हणजे सुमारे शंभर वर्षे ही खाडी दोन राज्यांमधली सरहद्द होती.

सरहद्द म्हटली की किल्ले आले. माहीमला किल्ला, शीवच्या टेकडीवर किल्ला आणि या दोहोंच्या मध्ये, धारावीच्या काठावर, रीवाचा किल्ला. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. त्यावरील शिलालेखात मुंबईचे गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आणि १७३७ हे वर्ष कोरलेले आहे. मराठ्यांनी ठाणे घेतले ते याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे कंपनीला खाडीच्या काठावर आणखी एक पहारा का हवासा वाटला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. आज हा किल्ला घरांच्या दाटीत उभा आहे. त्याच्या नावाचा बस डेपो पुष्कळांना ठाऊक असतो, पण किल्ला पाहिलेला नसतो.

किल्ल्याच्या आधीपासून येथे राहत होते ते कोळी. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरात धारावीची गणना मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत केलेली आहे. खाडी हे त्यांचे शेत आणि खाडी हाच त्यांचा रस्ता. ज्याला आपण आज अडथळा समजतो, ते पाणी त्यांच्या दृष्टीने दळणवळणाचे साधन होते. होडी असलेल्या माणसाला खाडी वेगळे पाडत नाही. पलीकडच्या माहीमशी त्यांचा व्यवहार असे. त्या माहीमलाच चौदाव्या-पंधराव्या शतकांत मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) यांच्यासारखे विद्वान होऊन गेले. त्यांनी अरबी भाषेत कुराणावर भाष्य लिहिले. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी या खाडीच्या काठी मासेमारी होती, व्यापार होता आणि विद्याही होती.

दोन बांध आणि दोन लोहमार्ग

साष्टी ताब्यात आल्यावर कंपनीला खाडी ओलांडणारे रस्ते हवे झाले. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता घालण्यात आला. १८०५ पर्यंत तो पुरा झाला. पश्चिमेला माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र होडीनेच जावे लागे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये देणगी दिली आणि १८४५ साली माहीमचा बांधरस्ता लोकांसाठी खुला झाला. आजही माहीमच्या हमरस्त्याला लेडी जमशेटजी यांचेच नाव आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तिचे रूळ शीववरून गेले. १८६० च्या दशकात बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे रूळ माहीमवरून मुंबईत आले.

पालकहो, हे चारही मार्ग लोकोपयोगी होते. कोणाचे वाईट करावे म्हणून ते बांधले गेले नाहीत. पण त्यांचा धारावीवर काय परिणाम झाला ते पाहा. एक बांध तिच्या पूर्वेकडून गेला, एक पश्चिमेकडून. एक लोहमार्ग पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. सगळे मार्ग मुंबईहून पलीकडे जाणाऱ्यांसाठी होते. मध्ये उतरणाऱ्याचा विचार त्यांत नव्हता. बांधांमुळे आणि पुढे टाकलेल्या भरावांमुळे भरतीच्या पाण्याला पूर्वीची मोकळीक राहिली नाही. खाडी गाळाने उथळ होत गेली. कोळ्यांची होडी अडली आणि त्यांचा जुना धंदा मंदावत गेला. पाण्याने जोडलेले गाव रस्त्यांनी वेगळे पाडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रेल्वेच्या रुळांचे एक वैशिष्ट्य असते. स्टेशनावर चढणाऱ्याला ते मार्ग वाटतात; रुळांच्या बाजूला राहणाऱ्याला भिंत वाटतात. ती ओलांडायची तर पूल पाहिजे. शीवचा जुना पूल १९१२ सालचा. एकशे बारा वर्षांच्या सेवेनंतर, नव्याने बांधण्यासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये तो वाहनांना बंद करण्यात आला. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, ज्याला सगळे सायन हॉस्पिटल म्हणतात, रुळांच्या पूर्वेला आहे आणि धारावी पश्चिमेला. पूल बंद झाल्यावर रुग्णाला घेऊन निघालेल्या रिक्षाला किंवा टॅक्सीला वळसा घालावा लागला. एका पुलाचे मोल किती असते, हे तो बंद झाल्यावरच कळते.

शहराने काय पाठवले

दोन रुळांच्या मधला हा पाणथळ तुकडा शहराच्या हद्दीत होता, पण शहराच्या नजरेआड होता. तेव्हा शहराला ज्या वस्तूंची गरज होती पण ज्यांचा वास नको होता, असे धंदे हळूहळू इकडे सरकले. १८६० च्या दशकात खाडीपलीकडे वांद्र्याला कत्तलखाना उभा राहिला. कच्ची कातडी तेथून जवळ मिळू लागली. कातडी कमावायची तर भरपूर पाणी, मोकळी जागा, मीठ, चुना आणि झाडांच्या साली लागतात, आणि दुर्गंधीची तक्रार करणारा शेजारी नसावा लागतो. धारावीत हे सगळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे चामड्याचे कारखाने सुरू झाले. त्यांबरोबर तमिळ मुलखातून, विशेषतः तिरुनेलवेली भागातून, तमिळ मुसलमान व्यापारी आणि कारागीर आले. तमिळ दलित कामगार आले. त्यांच्यामागून महाराष्ट्रातले चर्मकार, पुढे उत्तर प्रदेशातले कारागीर आले.

१९३० च्या दशकात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांना धारावीत जागा मिळाली. त्याआधी शहर वाढत गेले तसतसे त्यांना आपल्या भट्ट्या घेऊन जागा बदलाव्या लागल्या होत्या. भट्टीचा धूर कोणाच्या खिडकीत जाऊ नये म्हणून कुंभार इकडे आला. पण दिवाळीची पणती आणि उन्हाळ्यातला माठ शहराला त्याच्याकडूनच हवा होता. चामड्याचेही तेच. पायात बूट हवा, पण कातडी कमावणारा शेजारी नको.

१९५० साली मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढली आणि वांद्रे, कुर्ला यांच्यासह उपनगरे मुंबईत आली. जी धारावी शहराच्या टोकाला होती, ती एकाएकी मध्यावर आली. वस्ती जागची हलली नाही. शहरच तिच्याभोवती पसरले. १९७० च्या दशकात मिठीच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला. १९८० च्या दशकात चामडे कमावण्याचे बहुतेक कारखानेही बाहेर घालवले गेले. चामड्याच्या वस्तू शिवणारे कारागीर मात्र राहिले. आज धारावीत चामड्याच्या पिशव्या, तयार कपडे, मातीची भांडी, खाद्यपदार्थ आणि जुन्या प्लास्टिकपासून पुन्हा कच्चा माल असे नाना उद्योग चालतात. शहर जे टाकून देते, त्याची प्रतवारी येथे होते.

जमीन कोणी केली?

धारावीविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. ज्या जमिनीवर आज ही वस्ती उभी आहे, तिचा मोठा भाग जमीन नव्हताच. तो चिखल होता, भरतीचे पाणी शिरणारी दलदल होती. येथे आलेल्या माणसाने राख, माती, डबर, कचरा आणून टाकला, तुडवून घट्ट केला आणि त्यावर खोपट बांधले. पावसाळ्यात ते खचले की पुन्हा भर घातली. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांनी पाण्यातून जमीन काढली. मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा आणि सरकारी योजनांचा इतिहास लिहिला गेला आहे. डोक्यावर पाटी घेऊन हेच काम करणाऱ्यांचा इतिहास कोठे लिहिला गेला?

पोट भरू लागल्यावर माणसाने प्रार्थनेची आणि शिक्षणाची सोय पाहिली. धारावीतील सर्वांत जुनी मशीद म्हणजे बडी मशीद. ती १८८७ सालची. तमिळ रहिवाशांचे गणेश मंदिर १९१३ सालचे. मुंबई महानगरपालिका आठ भाषांतून शाळा चालवते. त्यांपैकी मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ या भाषा धारावीच्या गल्ल्यांतून रोज कानावर पडतात. चामडा बाजार, कुंभारवाडा, कोळीवाडा, साठ फुटी रस्ता, नव्वद फुटी रस्ता, ट्रान्झिट कॅम्प ही तेथील नावेच घ्या. एकेक नाव म्हणजे इतिहासाचे एकेक पान आहे. कोणी आधी आले, कोणता धंदा चालला, पालिकेने रस्ता केव्हा रुंद केला, कोणाला ‘तात्पुरते’ हलवून तेथेच ठेवले, हे सारे त्या नावांत नोंदलेले आहे.

या शेजाराला तडाही गेला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत धारावी होरपळली. माणसे मेली, घरे जळाली, कित्येक कुटुंबे कायमची निघून गेली. तडा गेला तो नाकारून उपयोग नाही. पण तो सांधण्याचे काम बाहेरून कोणी येऊन केले नाही, हेही सांगितले पाहिजे. सामाजिक कार्यकर्ते भाऊ कोरडे आणि तयार कपड्यांचे व्यावसायिक वकार खान यांच्यासारखे शेजारी मोहल्ला समित्यांतून पुढे आले. त्यांनी एकोप्याची भित्तिपत्रके काढली, चित्रफिती दाखवल्या, सणावारांना दोन्ही समाजांना एकत्र बसवले. पाण्याने, रुळांनी वेढलेल्या वस्तीला शेजाऱ्याशी भांडून दुसरीकडे जाण्याची सोय नसते. तिला शेजार सांभाळावाच लागतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी धारावीत शिरली. जी नदी एरवी गटार म्हणून हिणवली जाते, ती त्या दिवशी आपली जुनी वाट शोधत आली. २०२० साली १ एप्रिलला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आता मोठा अनर्थ होणार, असे सर्वांनाच वाटले. परंतु पालिकेचे कर्मचारी, स्थानिक खाजगी डॉक्टर आणि रहिवासी यांनी मिळून साथ आटोक्यात आणली. त्याच वर्षी जुलै महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले.

तुम्ही केव्हापासून राहता?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इतिहास हा परीक्षेचा विषय आहे, तो पोटाचा आणि घराचा विषय नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुढील वर्षे पाहावीत. १९७१ साली महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा झाला. जानेवारी १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि राहणाऱ्यांना फोटोपास मिळाले. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. त्याच वर्षी पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. त्यांतील ३७ कोटी धारावीच्या वाट्याला आले. २००४ साली संपूर्ण धारावीच्या पुनर्विकासाला राज्य शासनाने मंजुरी दिली. अनेक वर्षे निविदांच्या घोळात गेल्यावर २०२२ साली अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली आणि २०२३ साली काम त्यांच्याकडे देण्यात आले.

या प्रत्येक टप्प्यावर रहिवाशाला एकच प्रश्न विचारला गेला : तुम्ही येथे केव्हापासून राहता? उत्तराची तारीख बदलत गेली. कधी १९७६, कधी १९८५, कधी १९९५. आताच्या योजनेत धारावीतच मोफत ३५० चौरस फुटांचे घर मिळण्यासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांचे वास्तव्य त्यानंतरचे ठरते, त्यांच्यासाठी धारावीबाहेरची घरे योजली आहेत, आणि तीही मोफत नाहीत. ज्या आजोबांनी चिखलात भर घालून जमीन केली, त्यांच्या नातवाला आज कागद दाखवून सिद्ध करावे लागते की, आपण येथलेच. इतिहास माहीत असणे वेगळे आणि तो कागदावर असणे वेगळे. धारावीचा इतिहास शेकडो वर्षांचा आहे, पण तेथल्या कितीतरी घरांचा इतिहास एका प्लास्टिकच्या पिशवीत मावतो; आणि २००५ च्या पुरासारख्या एका पुरात ती पिशवी वाहून जाऊ शकते.

पालकहो, म्हणून एक शिक्षक या नात्याने दोन गोष्टी सुचवतो. त्या केवळ धारावीकरांसाठी नाहीत. आपल्यापैकी जो कोणी अशा वस्तीत राहतो, त्या प्रत्येकासाठी आहेत. पहिली गोष्ट कागदांची. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ लिहिले जाते. शाळा सोडल्याचा दाखला त्याच नोंदीवरून निघतो. तेव्हा प्रवेशाच्या वेळी घाईने, अंदाजाने काहीतरी सांगू नका. नावाचे एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. दाखला, शिधापत्रिका, वीजबिल, फोटोपास यांच्या प्रती काढून दुसऱ्या घरी ठेवा. मुलीचा दाखला ‘तिला काय करायचाय’ म्हणून शाळेतच पडू देऊ नका.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. एक दोनशे पानी वही घ्या. आजी-आजोबांना, जुन्या शेजाऱ्यांना विचारा : तुम्ही कोणत्या गावाहून आलात? कोणाबरोबर आलात? पहिले काम काय मिळाले? तेव्हा पाणी कोठून आणत होता? नळ केव्हा आला, वीज केव्हा आली? ही गल्ली आधी काय होती? तिला हे नाव कोणी दिले? उत्तर आजीच्या भाषेत, तिच्याच शब्दांत लिहा, खाली तारीख घाला. एका वर्गातल्या पन्नास मुलांनी एवढे केले तर एका वस्तीचा इतिहास तयार होतो. अशी वही कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालेलच असे नाही. पण ‘तुम्ही केव्हापासून राहता’ या प्रश्नासमोर तुमची मान खाली जाणार नाही, एवढे बळ ती निश्चित देईल.

वस्ती वेगळी पडते ती केवळ पाण्याने किंवा रुळांनी नाही. पाण्यावर पूल होतो, रुळांवरही पूल होतो. धारावी जास्त वेगळी पडली ती तिच्याविषयी इतरांनीच लिहिल्यामुळे. तिला बिरुदे बाहेरच्यांनी दिली, चित्रपट बाहेरच्यांनी काढले, आराखडेही बाहेरच आखले गेले. हा पूल आपल्याकडच्या बाजूने बांधायचा राहिलेला आहे, आणि तो बांधणारे हात आज आपल्या वर्गांत बसले आहेत. आज जी मुले वर्गात सात बेटांची नावे पाठ करीत आहेत, त्यांनी आठवे नाव आपल्या गल्लीचे घालावे आणि तिचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहावा.